कानातला खडा

ऑगस्टचा शेवट. नदीतल्या दगडी बांधाशी
उलायुकने चंद्रकोरी सुरी फिरवली,
माशाच्या डोक्यातून काढून दिला मला
तांदळाएवढा खडा.

भिंगाखाली वलयं मोजली. सव्वीस.
पहिली पाच दाटीवाटीची,
तळ्यातली, अर्धपोटी.
सहावं एकदम ऐसपैस –
त्या जूनला ही पहिल्यांदा समुद्रावर गेली,
सहा आठवड्यांत वर्षाचं जेवून
गोड्या पाण्यात परतली.

पोट नुकतं तांबूस होऊ लागलेलं.
बर्फ धरण्याआधी खडीत पुरायची होती अंडी.
तीही दरसाल नाही;
मधली वर्षं नुसतं अंग भरून घ्यायचं.

नववं वलय केसाएवढं.
मागे मोजत गेलो, साल सांगितलं.

"ठाऊक आहे," उलायुक सुरी पुसत म्हणाली,
"नदी उशिरा फुटली होती.
माझंही दूध आटलं त्या साली."