डावा बूट

शालिमारच्या आमच्या दुकानात, काउंटरवर,
एक निळा डावा बूट ठेवलाय.
पोटरीपर्यंत उंच, चारपैकी एक बक्कल तुटलेलं.
गिऱ्हाईक विचारतं, हा केवढ्याला?
अण्णा म्हणतात, तो विकायचा नाही,
लेकीनं आणलाय. बर्फातनं.

गेला हिवाळा मी ऑस्ट्रियात काढला,
अण्णांना अजून उच्चारता येत नाही अशा गावात,
हॉटेलच्या तळघरात, भाड्याच्या बुटांच्या खोलीत.
कॉलेजनं सांगितलं होतं फ्रंट ऑफिस.
खिडकी होती, पण रस्त्याच्या पातळीवर.
तीन महिने मी युरोप पाहिला
तो घोट्यापर्यंत.

सकाळी आठला रांग लागायची.
गुडघ्यावर बसायचं. समोरच्याचा पाय हातात घ्यायचा.
मोजा एकच, सुरकुती नको.
मग विचारायचं: वजन? उंची? वय?
आडनाव कुणी विचारलं नाही.
इथं कॉलेज रोडला एका मैत्रिणीच्या घरी
पाणी यायच्या आधी आडनाव विचारलं होतं,
आणि पाणी आल्यावर, वडील काय करतात.

माणसं पाय पुढे करतात तेव्हा खाली बघत नाहीत.
हे मला तिथं जाऊन शिकावं लागलं नाही.

संध्याकाळी दोनशे बूट
गरम हवेच्या नळ्यांवर उलटे टांगायचे.
डॉक्टरचा, बँकवाल्याचा,
मोत्यांची माळ घालून येणाऱ्या त्या म्हातारीचा,
सगळ्यांचा वास एकच.
बाकीच्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या.
मला तेवढा अर्धा तास
घरी असल्यासारखं वाटायचं.

मिर्साद, आमचा मुकादम, बोस्नियाचा,
त्यानं पहिल्या दिवशी हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.
म्हणाला, सगळं काम या आकड्यात आहे.
जास्त घट्ट ठेवलास, तर माणूस पडतो
आणि स्की सुटत नाही. पाय मोडतो.
सैल ठेवलास, तर सुटायला नको तिथं सुटते.
किती जोरात पडल्यावर सुटायचं,
एवढंच ठरवायचं आपण.

जानेवारीत अण्णांचा फोन:
आज निफाडला साडेचार डिग्री!
द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करतायत.
स्वेटर घालतेस ना?
बाहेर उणे सोळा होतं.
म्हटलं, घालते.

मार्चमध्ये लिफ्टवरच्या पोराचं मनगट मोडलं
म्हणून तीन आठवडे मला वर पाठवलं.
तेव्हा डोंगर पहिल्यांदा आख्खा दिसला.
एवढा पांढरा, एवढा उंच,
आणि मला आठवावी म्हसरूळची चांभारलेणी,
एप्रिलमधली, बोडकी.

परत आले तर काकू म्हणाली,
लोक बर्फातनं गोरे होऊन येतात,
तू तर करपून आलीस गं.
डोळ्यांभोवती तेवढा गॉगलचा फिका चट्टा.

स्की केलंस का, सगळेच विचारतात.
एकदा.
दहा-बारा हात गेले असेन. पडले.
सुटली.
आकडा बरोबर होता, मीच लावला होता.

हा बूट ते फेकणार होते.
दुरुस्त नाही करत? अण्णांनी तीनदा विचारलं.
नाही करत. एक बक्कल गेलं की कचऱ्यात.
दुकान बंद केल्यावर त्यांनी तो मांडीवर घेतला,
ठोकून पाहिला, आत हात घातला कोपरापर्यंत,
तळ उलटा करून दिव्याखाली धरला.
आरीचं टोक कडेनं फिरवत राहिले बराच वेळ.
"याला शिवण कुठंय?"
नाहीच. साच्यात ओततात.
"मग उसवत आलाय हे कळतं कसं?"

मला सांगता आलं नाही.

मिर्सादचा मेसेज आलाय. नोव्हेंबरसाठी विचारतोय.
अजून उत्तर दिलेलं नाही.
शाळा सुरू व्हायच्यात, दुकानात गर्दी आहे,
एक बाई म्हणतेय, एक नंबर मोठाच द्या,
पुढच्या वर्षी पण चालेल.
मी खाली बसते, पोराचा अंगठा दाबून बघते.
बुटात आता पावतीपुस्तक आहे, दोन पेन,
आणि अण्णांची आरी.