हिरवी पट्टी

ब्रोन्यूस आमच्या व्हिल्निअसच्या ऑफिसात आला
तेव्हा बर्फाचे बूट काढायला खाली वाकला नाही.
टाचेनं टाच दाबून काढले.
मी ते वहीत टिपून ठेवलं.
आमच्या गेममधले खेळाडू दमतात ते खोटं वाटतं,
एवढ्यासाठीच त्याला बोलावलं होतं.

पडद्यावर प्रत्येकाच्या पायाशी एक पट्टी असते.
धावला की हिरवीची पिवळी, पिवळीची लाल.
बाकावर बसवला की पुन्हा हिरवी,
कपातली कॉफी कोमट व्हायच्या आत.
"मोबाईल चार्ज होतो तसा?" त्यानं विचारलं.
हसला नाही.

अकरा वर्षं तो उतेनाच्या संघात गार्ड होता.
म्हणाला, "पाय शेवटी जातात.
आधी कान.
कोच ओरडत असतो, तुला नुसतं तोंड हलताना दिसतं.
मग फ्री थ्रो. हात तोच, नेम तोच,
पण चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला टेकून मागे फिरतो,
दारातूनच वाटेला लावलेल्या पाहुण्यासारखा.
मग तू खोटं बोलायला लागतोस.
नाडी सुटली म्हणून खाली बसतोस.
सुटलेली नसते."

आणि बाकावर?
"बाकावर अंग निवतं, आणि निवता निवता आखडतं.
चार मिनिटांनी उठवलं की
गुडघा उसना आणल्यासारखा वाटतो.
खरा शिणवटा तर तिसऱ्या दिवशी गाठतो.
जिन्यात.
चढताना नाही, उतरताना."

जिना आमच्या गेममध्ये नव्हता.

सहा आठवडे मी त्याचं म्हणणं आकड्यांत बसवत होतो.
कान घातले : प्रेक्षकांचा आवाज हळूहळू विरत जाई.
नाडी घातली.
मार्चमधल्या माणसाला ऑक्टोबरमधला दम द्यायचा नाही,
असं ठरवलं.
चाचणीला बसलेली स्कैस्ते तिसऱ्या क्वार्टरात
कंट्रोलर टेबलावर ठेवून म्हणाली,
"माझा आख्खा संघ म्हातारा झाला.
पैसे मोजून हे कोण विकत घेईल?"

साहेब ओरडले नाहीत.
त्यांनी फक्त एक आकडा बदलला,
पॉइंट नऊचा पॉइंट दोन.
त्या खोडण्यातून नाडी तेवढी वाचली.
चौथ्या क्वार्टरात कधीतरी एखादा खाली बसतो,
घट्ट बांधलेली नाडी पुन्हा बांधतो.
लोकांना ती सजावट वाटते.

नोव्हेंबरात गेम घेऊन मी उतेनाला गेलो.
चौथा मजला, लिफ्ट नाही.
तो पुढे, कठड्याला धरून,
आणि मी मागे, उगाचच हळू.

त्यानं स्वतःलाच बनवलं :
सात नंबर, तेव्हाचे केस,
तेव्हाचे गुडघे.
पहिल्या क्वार्टरात दोनदा चेंडू हिसकावला,
कोपऱ्यातून तीन गुणांचा एक टाकला,
बारा गुणांची आघाडी.
मग बटण दाबून स्वतःला बाकावर बसवलं.

पट्टी भरली.
आघाडी आठावर आली, मग पाचावर.
"आता घे ना आत," मी म्हणालो, "पूर्ण हिरवी झालीय."
"दिसतंय मला."
बाकीच्या पाचांना तो पळवत राहिला.
पुढच्या वेळी मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा
पडद्यावरची नजर न काढता म्हणाला,
"ह्याला तेव्हा कुणी बसू दिलं नाही रे.
सुई टोचायचे आणि आत पाठवायचे.
बसू दे."

दोन गुणांनी हरलो.
तो स्वयंपाकघरात गेला,
फ्रीजरमधली मटारची पिशवी आणली,
खुर्चीत बसून गुडघ्यावर ठेवली.

पडद्यावर सात नंबर,
खांद्यावर टॉवेल,
दर सहा सेकंदांनी एक श्वास.
तो मीच लिहिला होता, एका कंटाळवाण्या दुपारी.