माग होता तिथं

माग किलोवर गेला.
टेम्पोत चढवत होते तेव्हा मामा आत भाकरी खात होते,
बाहेर आले नाहीत.
फरशीत उरली बोल्टांची चार भोकं
आणि तेलाचा एक लांबुळका डाग,
सोड्यानं घासला तरी न गेलेला.

त्या डागावरच भार्गवीनं पाइप मांडले, पांढरे, तीन इंची,
वीत-वीत अंतरानं भोकं पाडलेले.
भोकात जाळीची वाटी, वाटीत स्पंज,
स्पंजात तिळापेक्षा बारीक बी.
माती कुठाय, मी विचारलं.
"माती नाही, आई. नुसतं पाणी, अन् पाण्यात खत.
अ बाटली, ब बाटली. एकदम ओतू नको हं,
एक नीट मिसळू दे, मग दुसरी."
जावाजावांसारखं म्हण की.

नळ पाचव्या दिवशी, तोही पहाटे तीनला,
अन् ही पाण्यावर पिकवणार!
शेजारची शिवलीला जिन्यात बसून हसली,
पदर तोंडाला, हात पोटाला.
भार्गवीनं तिला हिशेब सांगितला:
तेच पाणी फिरतं, टाकीत परत येतं,
दिवसाला घागरभरही लागत नाही.
"आमच्या सासूच्या चहाला जास्त लागतं," शिवलीला म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी चप्पल बाहेर काढून बघायला आली.

मामा त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते.
बेचाळीस वर्षं तिथं टॉवेल विणले,
अर्धे कान तिथंच ठेवले.
आता हाक मारली तर कळत नाही,
पंपाची घरघर मात्र कळायची.
तळव्यातून येते, म्हणायचे.
एक दिवस खाट आत घ्यायला लावली,
पंखा तिथला बरा, एवढंच सांगून.

एकविसाव्या दिवशी भार्गवीनं एक वाटी उचलली.
वर पाचसहा पानं, पोपटी,
उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसावीत अशी.
खाली मुळं, पांढरीफेक, निथळती.
मामांनी ती तर्जनीवर घेतली,
अंगठ्यानं पीळ चाचपला.
"शंभर नंबर," म्हणाले.
"इतकं बारीक सूत आपल्याकडं आलंच नाही कधी."

मार्चअखेर ऊन चाळिशीला टेकलं.
टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडायच्या,
फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाला जागा नाही.
अशातच एका रात्री लाईट गेली.
जागे झाले ते मामा.
आवाजानं नाही, आवाज थांबला म्हणून.
माग थांबला की कुठंतरी धागा तुटलेला असतो.

मी उठून पाहते तर बनियनवर,
अंधारात, टाकीतून तांब्या भरून
पाइपच्या तोंडात ओततायत.
घाई नाही, हात थांबत नाही.
द्या मी ओतते, म्हटलं. ऐकू आलं नाही,
किंवा आलं.
मग मी दुसरा तांब्या आणून टाकीपाशी बसले
आणि भरून भरून देऊ लागले,
कांड्या भरून द्यायची तशी, न बोलता.
पावणेपाचला पंप बोलला.
दोघांचीही कोपरं टाकीतल्या पाण्यानं गार.

सात रस्त्यावरच्या एका हॉटेलनं अठरा गड्डे नेले.
बर्गरात घालतात म्हणे.
एक घरी ठेवला.
मामांनी कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी घेतली,
वर ते पान ठेवलं.
बराच वेळ चावत राहिले.
कसं आहे, मी ओरडून विचारलं.
"नीळ्ळु," म्हणाले. पाणी.
अन् दुसरं पान घेतलं.

कोपऱ्यातलं एक रोप उन्हानं बिथरलंय,
कमरेएवढं वाढून झरोक्याकडं निघालंय, पानं कडू जहर.
भार्गवी ते उपटायला गेली
तर मामांनी हात आडवा धरला.
काल त्याला पिवळी कळी दिसली,
नखाएवढी.
अजून उघडलेली नाही.