फांदी मोडायला

तुर्कूच्या इस्पितळात, फेब्रुवारीत,
वेइयो लांकिनेन एक अख्खा दिवस आणि रात्र पडून होता.
जहाजांच्या वायरी जोडण्यात छत्तीस वर्षं गेलेला माणूस.
हातात सुई. दर दहा मिनिटांनी चमचाभर रक्त.
एकशे चव्वेचाळीस नळ्या.

आउलिक्कीने त्याला पाहिलेलं नाही.
तिच्याकडे आले आकड्यांचे दोन रकाने.
एक, डोक्यातल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा:
ती हाक मारते.
दुसरा, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली आहे, तिचा:
ती जरा उशिरानं ओ देते.
निदान पुस्तकात तरी तसं आहे.

हाका एकोणीस. ओ सतरा.
जोड्या जमल्या चौदा.

आता चौदा म्हणजे पुष्कळ की थोडे?

खिडकीबाहेर लिंडनच्या झाडावर
राखाडी मानेचे कावळे बसतात, उडतात, पुन्हा बसतात.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली
की गावभर सांगतात.
फांदी न मोडता तो किती वेळा बसला
हे कुणी मोजत नाही.
आउलिक्कीला त्याचाच पगार मिळतो.

म्हणून ती वेइयोचा दिवस मोडते.
एक रकाना जागच्या जागी,
दुसरा फिरवते जात्याच्या वरच्या तळीसारखा,
एकेक घर.
मध्यरात्रीच्या हाकेला दुपारची ओ,
पहाटेच्या हाकेला संध्याकाळची.
असे एकशे त्रेचाळीस खोटे वेइयो,
त्यांच्यातला एकही कधी जहाजावर चढला नाही.

एका घरात आकडा नाही. एकशे सोळावं, पहाटेचं तीन-दहा.
नर्स तूलियाची तिरकी नोंद:
‘झोपेत मोठ्यानं हसला. हात झटकला. नळी रिकामी.’
रासमुस म्हणाला, दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी टाक, काय फरक पडतो.
फरक पडत नव्हता.
तिने घर रिकामं ठेवलं.

रकाना फिरला तसं ते रिकामं घरही फिरलं,
दिवसाच्या प्रत्येक दहा मिनिटांवर एकदा थांबून.

शेवटी मोजलं.
खोट्यांपैकी तिघांतच चौदा जोड्या.
म्हणजे खऱ्यातल्या हाका बहुधा
ऐकूनच ओ देत होत्या.
बहुधा. तिने तेवढंच लिहिलं, दशांश चिन्हासकट,
आणि कॉफी घ्यायला गेली.

पण ते तिघे.
त्यांच्यातही सगळं जमलं होतं,
कुणी कुणाचं न ऐकता.
त्यातला एक सात तास वीस मिनिटं सरकलेला.
तिने तो पडद्यावर पुन्हा काढला, उगाच,
कागदावर न येणाऱ्या कामासाठी.

त्याचं रिकामं घर सकाळी साडेदहाला पडलं होतं.
भर उजेडात, कपड्यांत, जागा असताना
हा कधीच नसलेला माणूस
कशाला तरी मोठ्यानं हसला होता.