नऊ मिलिमीटर

दारूखान्यात, लकडी बंदरच्या एका शेडमध्ये,
जहाजांच्या गंजक्या साखळ्यांपलीकडे
माझी गाडी उभी आहे: चौकोनी पाइपांचा सांगाडा,
ओम्नीचं इंजिन, पद्मिनीचे पुढचे हात,
मारुतीची स्टिअरिंग रॅक,
आणि सीट म्हणून सध्या तरी पालथा क्रेट.

चालते. पण ऐकत नाही.
गोदीचे जुने रूळ रस्ता तिरपा ओलांडतात,
तिथे आधी डावं चाक उचलतं
आणि गाडी वळते.
मी हात हलवलेला नसतो.
पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं.
एकवीस वर्षं दुसऱ्यांची जहाजं कागदावर काढली
की आधी तेच वाटतं.

परकारचाचा म्हणाले, "स्प्रिंग काढ आधी.
चाकाला खोटं बोलायला जागा नको."

काढली. चाकाच्या तबकडीवर
खेळण्यातला लेझर सुतळीने बांधला.
जॅकवर एकेक सेंटिमीटर मी चाक चढवायचं,
भिंतीवर लाल ठिपका पडेल तिथे
चाचांनी पेन्सिल टेकवायची.
भिंतीवर आधीच बरंच काही होतं,
कुणाकुणाचे फोन नंबर, पितळेचा जुना भाव,
'उधार मागून लाजवू नये'.
त्यात आमचे सात ठिपके.
सरळ उभे राहायचे, ते केळ्यासारखे वाकले.

"बघ," चाचा म्हणाले,
"हात एका गावाला निघालेत, रॅक दुसऱ्या."

मग जमिनीवर खडूने नकाशा काढला, एकास एक.
वरचा हात. खालचा हात.
दोघांच्या रेषा आतल्या बाजूने वाढवत नेल्या,
व्हाइसच्या पायांमधून, उंबऱ्याबाहेर.
त्या जिथे भेटतात
तिकडेच तिसऱ्या दांडीनेही बघायचं असतं.
सगळं शास्त्र एवढंच.
सवयीने कोपऱ्यात चौकटी आखल्या: काढले, तपासले.
नोकरीत दुसऱ्या चौकटीत कधी माझी सही नव्हती.
खडू तिथे टेकवला, तर चाचा म्हणाले,
"थांब. ते रूळ करतील."

बिंदू पडला रस्त्यात,
साखळीच्या कड्या मोजत बसलेल्या
रामसजीवनच्या चपलेखाली.
"पाय उचल रे."
त्याने उचलला, खाली वाकून पाहिलं.
"क्या गिरा?"
"काही नाही. इथून माझं चाक फिरतं."
तो हातभर सरकून बसला.
आदराने असेल, किंवा ऊन आलं म्हणून.

तिथपासून दोरी ताणली.
रॅक नऊ मिलिमीटर वर होती.
नऊ. माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

चाचांनी ब्रॅकेट कापलं,
टाके मारले, मोजलं, आठच उतरलं होतं,
तोडलं, पुन्हा मारले.
वरच्या हाताला पुढून चार वॉशर देऊन
जरासं मागे रेलायला लावलं,
म्हणजे वळण संपलं की चाक आपणहून सरळ होईल,
ढकललेल्या स्टुलाच्या चाकासारखं.
मग पुन्हा लेझर, पुन्हा जॅक, सात ठिपके.
चाचांनी त्यांना फूटपट्टी लावली
आणि काही न बोलता विडी पेटवली.

रविवारी सकाळी सहाला रूळ.
डावं चाक वर गेलं. खाली आलं.
उजवं गेलं. आलं.
माझ्या हातात काहीच पोचलं नाही,
म्हणून मागे फिरून पुन्हा गेले,
आणि मग पुन्हा.
कोळसा बंदरच्या वळणावर पकड सैल सोडली,
स्टिअरिंग बोटांखालून सरकत परत आलं
आणि मधोमध थांबलं.

जड झालंय मात्र. उभ्या गाडीत वळवताना
खांदे भरून येतात. डावा ब्रेक किंचाळतो,
तो पुढच्या रविवारचा.

परतले तर शेडसमोर ट्रक उभा,
मागचं चाक नेमकं तिथे,
आणि रामसजीवन हातातली साखळी टाकून
ड्रायव्हरशी भांडत होता:
"हटाओ इधर से! मॅडम का पॉइंट है."