ऊन दाखवणे

दिवाणाची फळी उचलली
की नाकात आधी कडुनिंब येतो, मग लोकर.
वर्तकनगर, तिसरा मजला, दर ऑक्टोबरात हेच:
सतरा पिशव्या, बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे,
आणि उशीचा एक जुना अभ्रा,
कुठल्याच कामाचे नाहीत आणि टाकवत नाहीत
अशा तुकड्यांचा.

ठाण्यात थंडी किती? जानेवारीत तीन सकाळी.
त्याही येऊरकडची खिडकी उघडी ठेवली तर.
जावई काही बोलत नाही,
पण हिशेब मांडलेला तोंडावर दिसतो.
मी विचारते, तुमचे बूट किती जोड?

कोपरीतला खूबचंद दुकान बंद करताना म्हणाला होता,
ताई, सगळा ऊन घेऊन जा, अर्ध्या भावात.
त्याच्या भाषेत ऊन म्हणजे लोकर.
भर जुलैत, रिक्षाला ताडपत्री बांधून
मी ऊन घरी आणलं.
आता गच्चीत सतरंजी अंथरून
त्याच्या उनाला आमच्याकडचं ऊन दाखवते.
तो असता तर त्याला हे समजावून सांगता सांगता
चहा गार झाला असता.

एकेक गुंडा दाबून बघायचा, आंबा बघतात तसा.
फार आवळलेला असेल तर सोडून
चार बोटांवर पुन्हा सैल गुंडाळायचा.
ताणून ठेवलेली लोकर परत फुगत नाही,
हे कोणी शिकवलं नाही, हातांना कळलं.
कसर लागली ती फक्त मोतिया रंगाला.
सगळ्यात महागाची तीच होती.
शेजारच्या स्वस्त पोपटीला तोंडही लावलेलं नाही.
मोतियाचे अकरा तुकडे झाले.
अभ्र्यात.

मग ती पिशवी,
जी मी दरवर्षी नुसती झटकून परत ठेवते.
राखेची झाक असलेला तपकिरी. सुईवर अर्धी पाठ,
चौऱ्याण्णव टाके, सुई गंजलेली,
गंजाचा डाग शेवटच्या ओळीभर.
शालनचा स्वेटर. ती नाशिकला गेली त्या वर्षीचा.

लॉट दोनशे चौदा संपला होता.
पंधरा घ्या, खूबचंद म्हणाला, कुणाला कळतंय?
दुकानात कळत नाही. ट्यूबलाइटखाली तर नाहीच.
विणून झाल्यावर, उन्हात,
बरोबर कमरेपाशी एक रेघ दिसते,
भरतीचं पाणी खाडीच्या भिंतीवर ठेवून जातं तशी.
म्हणून काम थांबलं, असं मी सांगत आले.
कळव्याची खोली विकली तेही त्याच वर्षी,
हे सांगत नाही.

आज सुई काढून घेतली.
टोक सापडलं, ओढलं, आणि पाठ
ओळीमागून ओळ मुकाट्याने उसवत गेली.
हातात आल्या नुसत्या शेवया.
एकवीस वर्षं टाक्यात बसलेली लोकर
सरळ व्हायला तयार नसते.
रिठ्याच्या पाण्यात लड बुडवली,
पिळली नाही, टॉवेलात दाबली,
दोरीवर टांगली. खाली वजन हवं.
हाताला लागलं ते कळव्याचं कुलूप.
किल्ली तिच्याकडेच राहिली होती.

पाच गुंडे चौदाचे, चार पंधराचे.
दोन ओळी ह्याच्या, दोन त्याच्या, असं विणत गेलं
तर रेघ कुठेच उमटत नाही.
हे मला तेव्हाही माहीत होतं.

फोन लावला.
छातीचं माप काय तुझं आता?
तिकडे बराच वेळ नळ वाहत होता.
मग तो बंद झाला.
बेचाळीस, ती म्हणाली. हसू नकोस.

हसले नाही. गुंडे पुन्हा मोजले.
पुरणार नव्हते.
अभ्रा जवळ ओढला.