प्राप्तकर्त्यांच्या यादीत मी नव्हते

धंतोलीत, लॅबच्या वरच्या मजल्यावर
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून
रात्री साडेअकराला मी प्रोग्रॅमला बसते.
खाली फ्रीजमध्ये दिवसभराचं रक्त
नावं चिकटवून उभं.

काम साधं आहे, ढोबळे सर म्हणाले होते.
सिकलसेलचे रिपोर्ट जातात सात डॉक्टरांना,
एटापल्ली, कोरची, धानोरा, तिकडे सगळे.
वाटेत कुणी वाचू नये.
लग्नं मोडतात, बाई, एका ओळीनं.

सातही जणांची प्रमाणपत्रं माझ्याकडे आहेत.
प्रमाणपत्र म्हणजे उघडं कुलूप,
त्यावर मालकाचं नाव कोरलेलं
आणि खाली कुणीतरी मोठ्यानं सही केलेली
की हो, हे त्याचंच.
किल्ली तिकडे, डॉक्टरांच्या खणात,
ती मी कधी पाहणार नाही.

बाकीचं लायब्ररी करते.
लायब्ररी म्हटलं की आई अजून विचारते,
"कोणती, महालातली?"
तशीच गं. लिहिणारे दुसरे,
मी फक्त पान उघडते.

प्रत्येक रिपोर्टसाठी ती एक किल्ली घडवते
जी काल नव्हती, उद्या नसेल.
तिनं रिपोर्ट बंद करते,
मग तीच किल्ली सात वेळा
सात कुलपांत कोंडते.
मजकूर एकच, लिफाफा एकच,
आत शिरायची दारं सात.

डॉ. ताराम यांच्यापाशी ती अडून बसली.
मुदत संपली, एकतीस मार्च.
फोन लावला. पलीकडे बकरी ओरडत होती.
"मी तं हावो न जी," म्हणाले, "कागदच मेला."
हे लायब्ररीला सांगता येत नाही,
तिला माणूस कळत नाही, तारीख कळते.
नवा कागद येईपर्यंत त्यांच्या पेशंटचे अकरा रिपोर्ट
उघडेच राहिले माझ्याकडे.
मी त्या फोल्डरकडे पाठ करून काम केलं,
जणू त्यानं काही होतं.

आता खरी गोष्ट.
चाचणीसाठी काहीतरी मजकूर लागतो.
लोक लिहितात अबक, लिहितात नमस्कार जग.
मीही आधी लिहिलं होतं: तर्री जास्त, पोहे कमी.
त्या रात्री पावणेदोनला
बोटांनी वेगळंच लिहिलं.
पाच ओळी असतील. सहा.
घरी न सांगितलेलं,
सारंगलाही न सांगितलेलं, हॉल बघणं चालू असताना.
वाटलं, चाचणीच तर आहे.
यादीतलं पहिलं नाव तसंच राहू दिलं,
डॉ. जानकी उइके, एटापल्ली.

बटण दाबलं.
मूळ मजकूर पुसला गेला
(ती शिस्त माझीच, ती ओळ मीच लिहिलेली)
आणि पडद्यावर अक्षरांचा चिवडा.
परत उघडायला गेले, तर नाही म्हणाली.
तुमची किल्ली इथे चालत नाही.
लिहिलं मी, बंद केलं मी,
पण प्राप्तकर्त्यांच्या यादीत मी नव्हते.
स्वतःला वेगळं जोडावं लागतं,
आपोआप कुणी धरत नाही.

पाठवायची ओळही बंद करायची राहिली होती.
हे सकाळी कळलं, शंकरनगरला, हातात बशी असताना.
आठवायला लागले नेमकं काय लिहिलं.
पहिली ओळ आठवत होती. शेवटची नाही.
शेवटचीच महत्त्वाची होती.

तीन दिवस काही नाही.
पारा सेहेचाळीसवर, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटलेलं,
सारंगचे दोन मिस्ड कॉल.
चौथ्या दिवशी एटापल्लीहून एक लिफाफा,
माझ्या कुलपाचा.

"वाचलं. शनिवारी नागपुरात मीटिंग आहे.
मेडिकलच्या मोठ्या गेटपाशी, दोन वाजता.
जेवून ये.
त्याला आणायचं का, ते तू ठरव."

ढोबळे सर जिन्यातून ओरडले,
झाली का गं चाचणी?
म्हटलं, हो सर.
पोचतंय.